नवशिक्या मुलांचा स्केटिंग वर्ग: पहिल्या तीन महिन्यांत काय शिकवले जावे?

प्रश्न पुण्यातील एका पालकांचा आहे. त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी घराजवळच्या क्लबात नवशिक्यांच्या रोलर स्केटिंग वर्गाला आठवड्यातून तीन दिवस जाते. दीड महिना झाला, तरी तेथे पडणे, उठणे, बदकासारखे चालणे आणि थांबणे एवढेच चालू आहे. शेजारची त्याच वयाची मुले दुसऱ्या क्लबात महिन्याभरात रिंकभर पळू लागली आणि त्यांना रेसिंगचे इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाके असलेले, स्केट्स घ्यायला सांगितले गेले आहे. आपला क्लब मागे पडतो आहे का, तो बदलावा का आणि इनलाइन आताच घ्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण केलेल्या वर्णनावरून क्लब बदलण्याचे कारण मला दिसत नाही, आणि रेसिंगचे इनलाइन आता मुळीच घेऊ नका. पडणे, उठणे, चालणे आणि थांबणे या चार गोष्टींवरच पहिले तीन महिने खर्ची पडले पाहिजेत, असे 22 वर्षे लहान मुलांना शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. वेग मुलांना शिकवावा लागत नाही. पायाखाली चाके आली की तो आपोआप येतो. शिकवावे लागते ते त्या वेगावर ताबा ठेवणे. त्यामुळे नवशिक्यांचा वर्ग चांगला की वाईट हे ओळखण्याची माझी कसोटी एकच आहे: प्रशिक्षकाने शिट्टी वाजवल्यावर किती मुले कठडा न धरता, कोणावर न आदळता, स्वतःच्या पायांवर थांबतात? साधारण 10 मीटर घसरत येऊन शिट्टीनंतर 3 मीटरच्या आत उभे राहता येणे, हे तीन महिन्यांच्या अखेरीचे वाजवी लक्ष्य आहे. शेजारची मुले पळतात हे खरे असेल. ती थांबतात कशी, हे एकदा जाऊन पाहा.

आता पडण्याविषयी, कारण पालकांना सर्वांत जास्त वेळ वाया गेल्यासारखा वाटतो तो याच धड्यात. मूल पहिल्यांदा चाकांवर उभे राहते तेव्हा भीतीने ताठ होते. गुडघे सरळ, पोट पुढे, खांदे मागे अशा स्थितीत भार टाचांवर जातो, चाके पुढे सटकतात आणि मूल पाठीवर पडते. माकडहाडाला मार बसतो, डोके मागे आपटते आणि सावरण्यासाठी मागे टेकलेले मनगट दुखावते. गुडघे वाकलेले असतील तर भार चवड्यांवर येतो आणि तोल गेला तरी मूल पुढे पडते. पुढे पडताना आधी गुडघ्याचे पॅड, मग कोपराचे आणि शेवटी रिस्ट-गार्ड, म्हणजे मनगटाचे संरक्षक कवच, जमिनीला लागते. त्यांच्यावरचे कडक प्लॅस्टिक जमिनीवर घसरत जाते आणि माराचा जोर ओसरतो. म्हणजे पडण्याचा धडा हा प्रत्यक्षात गुडघे वाकवण्याचाच धडा असतो, आणि पुढे शर्यतीत उतरलेल्या मुलांनाही प्रशिक्षक वर्षानुवर्षे तेच सांगत असतात.

पडल्यावर लगेच मुठी आवळून हात अंगाशी घ्यायचे, हेही तेव्हाच शिकवावे लागते. मागून येणाऱ्याचे चाक पसरलेल्या बोटांवरून जाऊ शकते. उठताना एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे उभा, दोन्ही तळहात उभ्या गुडघ्यावर, आणि मग वर, हा क्रम मुले आठवड्याभरात उचलतात. येथे आईवडिलांनी कठड्यापलीकडून हात देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती असते. वरून हात धरला की मूल त्या हाताला लटकते, त्याचा भार मागे जातो आणि आम्ही आठवडाभर बसवलेली सवय एका मिनिटात मोडते.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एक सहा वर्षांचा मुलगा पहिले चार दिवस कठडा सोडायलाच तयार नव्हता. दोन्ही हातांनी नळी इतकी घट्ट धरायचा की बोटांची पेरे पांढरी पडायची. समजावून, धीर देऊन काही उपयोग झाला नाही. पाचव्या दिवशी त्याच्या एका हातात प्लॅस्टिकची लहान बादली दिली आणि जमिनीवर विखुरलेले टेनिसचे चेंडू गोळा करायला सांगितले. पहिला चेंडू कठड्याला लागूनच होता, दुसरा हातभर दूर, तिसरा दोन हात. चेंडू उचलायला तो वाकला की गुडघे आपोआप वाकत होते, आणि गुडघे वाकले की पाय सटकत नव्हते. सातव्या चेंडूपाशी तो रिंकच्या मध्यावर उभा होता आणि ते त्याच्या ध्यानातही आले नव्हते. लहान मुलांच्या वर्गात खेळ का घेतात, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. आपल्या मुलीचा क्लब चेंडू, शंकू, दोरी, खडूने आखलेल्या वाटा असे काही वापरत असेल, तर तो वेळ खेळण्यात गेला असे समजू नका.

चालण्याचा धडा टाचा जवळ आणि पायाची बोटे बाहेर ठेवून होतो, म्हणून त्याला बदकचाल म्हणतात. स्केटिंगमध्ये पाय मागे ढकलून पुढे जाता येत नाही, कारण चाके मागे निसटतात. पाय बाजूला ढकलावा लागतो. हा कोन मुलाच्या पायात बदकचालीने बसतो. त्यानंतर येतो तो आमच्या वर्गात ‘मासा’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार: टाचा जुळवून दोन्ही पाय बाहेर पसरू द्यायचे आणि मग बोटे आत वळवून पुन्हा जवळ आणायचे, म्हणजे जमिनीवर दोन चाकोऱ्यांचा माशासारखा आकार उमटतो. या माशाच्या दुसऱ्या अर्ध्यात थांबणे दडलेले असते. पाय जवळ आणण्याऐवजी ते रुंद ठेवून, बोटे आत आणि टाचा बाहेर अशा स्थितीत गुडघ्यांनी दाब दिला की वेग मरतो. यालाच प्लाऊ ब्रेक म्हणतात. मासा नीट न शिकवता थेट ब्रेक शिकवू पाहणारे प्रशिक्षक मुलांना एकच मार्ग ठेवतात, तो म्हणजे क्वाड स्केटच्या (दोन जोड्यांत चार चाके असलेल्या स्केटच्या) पुढच्या रबरी टो-स्टॉपरचा. पुढे जाताना तो स्टॉपर अचानक जमिनीला टेकवला की लहान मूल तोंडावर आपटते. टो-स्टॉपरचा आणि मागचा पाय आडवा घासून करायच्या टी-ब्रेकचा उपयोग आहे, पण एका पायावर तोल सांभाळता येऊ लागल्यावर.

एका पायावरचा तोल ही पहिल्या सत्राची अखेरची पायरी. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एक पाय बोटभर उचलून तीन अंक मोजेपर्यंत घसरता आले, उजव्या आणि डाव्या दोन्ही पायांवर, की मी त्या मुलाला पुढच्या गटात पाठवतो. त्याच सुमारास एक पाय पुढे आणि एक मागे अशी कात्रीसारखी घसरण शिकवतात. ती दिसायला साधी आहे, पण तिचे मोल 2 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझो येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या 3000 मीटर रिलेमध्ये सर्वांनी पाहिले. कोरियाचा शेवटचा खेळाडू विजयी झालो असे समजून रेषेआधीच हात उंचावून ताठ झाला. मागच्या तैवानच्या खेळाडूने गुडघा वाकवून पाय पुढे ताणला आणि सुवर्णपदक 0.01 सेकंदाने त्यांच्याकडे गेले. स्केटिंगमध्ये रेषा छाती नव्हे, स्केट ओलांडते. त्याच शर्यतीत आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे यांच्या भारतीय संघाने कांस्यपदक मिळवले, आणि त्याच दिवशी भारताच्या महिला संघानेही. ती शर्यत मी माझ्या लहान गटाला आजही दाखवतो, कारण त्यांनी त्याच आठवड्यात शिकलेली हालचाल त्यांना तेथे ओळखता येते.

एक गोष्ट मात्र आपण क्लबात जाऊन जरूर तपासावी, कारण ती चांगल्या क्लबांतही निसटते. स्केटिंगच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतात, म्हणून सराव सतत डावीकडे वळण्याचाच होतो. मोठ्या खेळाडूंना त्याची गरज आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला नाही. केवळ डावीकडे फिरलेले मूल उजव्या पायाने जोरात ढकलते आणि डाव्यावर टेकते, त्याला उजवीकडे वळून कोणाला चुकवता येत नाही, आणि काही महिन्यांनी त्याची एक बाजू उघडपणे कच्ची दिसते. नवशिक्यांच्या वर्गात निम्मा वेळ उजवीकडे वळत फिरवले पाहिजे. फिरवत नसतील तर प्रशिक्षकांना नम्रपणे विचारा. बहुतेक जण लगेच बदल करतात.

आता इनलाइन आणि क्वाड. क्वाडमध्ये चार चाके दोन जोड्यांत असतात, त्यामुळे उभे राहण्यासाठी पाया रुंद मिळतो. इनलाइनमध्ये चाके एका ओळीत असतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, कडक बुटाचा आणि लहान चाकांचा साधा इनलाइन लहान मुलासाठी वाईट नाही, आणि काही मुले त्यावर उत्तम सुरुवात करतात. आक्षेप आहे तो रेसिंगच्या इनलाइनला. त्याचा बूट घोट्याच्या खाली संपतो, चाके मोठी असतात, म्हणजे उंची आणि वेग दोन्ही वाढतात, आणि मागचा ब्रेक नसतो. घोट्याचे स्नायू तयार नसलेल्या मुलाचे पाय त्यात आतल्या बाजूला कलतात. असे कललेले घोटे घेऊन दोन वर्षे सराव केलेली मुले माझ्याकडे येतात, तेव्हा ती सवय मोडायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ही चूक मी स्वतःही केली आहे. शिकवायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलाला, वडिलांच्या आग्रहामुळे आणि त्याची चुणूक पाहून, सहा महिन्यांत रेसिंगचे बूट घालायला मी होकार दिला. तो वेगवान होता, पण त्याला प्लाऊ ब्रेक नीट येत नव्हता आणि ते मला माहीत होते. तिसऱ्या आठवड्यात पुढचा मुलगा पडला, याला थांबता आले नाही आणि वळताही आले नाही. मनगटाचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले. रिंकवर तो परत आला नाही. तेव्हापासून थांबण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय मी कोणाचेही स्केट्स बदलू देत नाही, पालक नाराज झाले तरी.

मनगटाचा विषय निघालाच आहे, तर संरक्षक साहित्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 1996 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक दुखापती मनगटाच्या होत्या, आणि रिस्ट-गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगट दुखावण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या सुमारे 10 पट आढळली. आपल्याकडे किटमध्ये मिळणारे हातमोजे पुष्कळदा नुसते कापडाचे असतात. त्यांनी तळहात खरचटत नाही, पण मनगट वाचत नाही. तळहाताच्या बाजूने कडक, किंचित वाकलेली पट्टी आहे का, हे दाबून पाहा. हेल्मेटच्या आत ‘ईएन 1078’ असा शिक्का असेल तर ते सायकल आणि रोलर स्केटसाठीच्या युरोपीय मानकाचे आहे. ते भुवईच्या वर दोन बोटांवर, सपाट बसले पाहिजे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावे. मुलीचे केस लांब असतील तर उंच पोनी न बांधता मानेपाशी सैल वेणी घाला, नाहीतर हेल्मेट मागून उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदला.

स्केट्सचे माप घेताना ‘एक नंबर मोठा घेऊ, पुढच्या वर्षी चालेल’ हा विचार मनातून काढून टाका. शाळेच्या बुटात तो खपतो. येथे पाय बुटात हलला की मुलाने केलेली हालचाल चाकापर्यंत पोचतच नाही. मूल मोजे घालून सरळ उभे राहिले की अंगठा बुटाच्या टोकाला जेमतेम लागावा, आणि गुडघे वाकवले की टाच मागे सरकून अंगठा सुटा व्हावा. बुटाचे बंद घोट्यापाशी घट्ट आणि बोटांवर थोडे सैल बांधावेत. लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट्स वाढत्या पायासाठी सोयीचे आहेत. त्यांचा तळाचा नट मात्र दर आठवड्याला तपासा, तो हादऱ्यांनी सैल होतो. चाके नख रुतवून पाहावीत: पॉलियुरेथेनचे चाक नखाला किंचित दबते, स्वस्त प्लॅस्टिकचे चाक काचेसारखे टणक लागते आणि गुळगुळीत फरशीवर सटकते. चाक बोटाने फिरवल्यावर खूप वेळ फिरत राहणे म्हणजे उत्तम, असे दुकानदार सांगतात. नवशिक्यासाठी तसे मुळीच नाही. पहिल्या महिन्यात मी चाकाचा नट अर्धा फेरा आवळून ते जरा जड करतो.

क्लब पाहताना आणखी दोन-तीन गोष्टींकडे माझे लक्ष जाते. वर्गाआधी रिंकवर झाडू फिरतो का? खडीचा एक बारीक खडा क्वाडचे चाक जागीच अडवतो. एका प्रशिक्षकाकडे किती मुले आहेत? या वयात आठपर्यंत ठीक. पंचवीस मुले आणि एक प्रशिक्षक असेल तर तो शिकवू शकत नाही, फक्त राखण करू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोठ्या मुलांचा वेगाचा सराव त्याच वेळी त्याच रिंकवर चालतो का? मध्ये शंकू लावून जागा वेगळी केलेली असली तरी मला ते मान्य नाही, कारण मोठा खेळाडू पडला की घसरत शंकूंच्या आत येतो. असे होत असेल तर क्लब खुशाल बदला.

शेजारच्या मुलांना स्पर्धांची पदके मिळू लागली, तर आपल्यालाही घाई करावीशी वाटेल. ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ नाव लावून, प्रवेश शुल्क घेऊन, जवळपास प्रत्येकाला पदक देणाऱ्या खासगी स्पर्धा बऱ्याच होतात. मुलांना मंचावर उभे राहण्याचा आनंद मिळतो, त्याला माझी हरकत नाही. पण भारतात या खेळाची अधिकृत वाट रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या संलग्न जिल्हा व राज्य संघटनांतून जाते, आणि शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. प्रमाणपत्राचा पुढे उपयोग व्हावा असे वाटत असेल तर स्पर्धा यांपैकी कोणाची आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा. साडेपाचव्या वर्षी यांपैकी कशाचीच निकड नाही.

राहता राहिला पावसाळा. उघड्या रिंकवरचे वर्ग जूनपासून बंद पडतात किंवा सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये जातात. तेथे खांबांना फोम किंवा जुने टायर बांधलेले आहेत का आणि जमिनीवर गाडीचे तेल सांडलेले नाही ना, हे पाहा. ओल्या फरशीवर पाच मिनिटेही नको. चाक पकड सोडते आणि बेअरिंगमध्ये पाणी गेले की आठवड्याभरात गंज धरतो. वर्ग बंदच राहिला तर घरी सतरंजीवर स्केट्स घालून रोज 10 मिनिटे उभे राहणे, बसणे आणि एक पाय उचलणे पुरेसे आहे, कारण सतरंजीवर चाके पळत नाहीत. मुलीने मान खाली करून पाहिले की गुडघ्याने बुटाचे टोक झाकलेले दिसले पाहिजे; ते दिसू लागले तर गुडघे सरळ झाले आहेत, हे तिला स्वतःलाच कळते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये वर्ग पुन्हा सुरू होईल, तेव्हा पहिल्या दिवसाआधी पायाचे माप नव्याने घ्या. चार महिन्यांत या वयाचा पाय वाढलेला असू शकतो, आणि बूट बोटांना टोचू लागला तर मूल ते सांगत नाही. ते नुसते वर्गाला जायला नको म्हणू लागते.